झटपट श्रीमंतीची ई-पत्रे : ओळख, कार्यपद्धती आणि मानसिकता

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय वरकरणी संगणकाचा वाटतो. प्रत्यक्षात अर्थशास्त्र, कायदा, मानसशास्त्र आणि लोकप्रशासन या चारही विषयांशी त्याचा निकटचा संबंध आहे. एखाद्या अपरिचित व्यक्तीचे ई-पत्र येते. परदेशात आपल्या नावे लॉटरी लागली आहे, कोणा निपुत्रिक धनिकाची संपत्ती आपल्याला मिळणार आहे किंवा घरबसल्या दरमहा मोठी कमाई होणार आहे, असे त्यात लिहिलेले असते. बहुतेक लोक ते हसून पुसून टाकतात. काही थोडे मात्र उत्तर देतात आणि त्यांतील कित्येकांची आयुष्यभराची पुंजी जाते. हे असे का घडते, ते कसे ओळखावे आणि शासनव्यवस्थेने याबाबत काय केले आहे, या तीन प्रश्नांचा आज आपण विचार करू.

जुना डाव, नवे वाहन

ही फसवणूक महाजालाच्या युगात जन्मलेली नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात ‘स्पॅनिश कैदी’ या नावाने ओळखला जाणारा डाव प्रचलित होता. स्पेनच्या तुरुंगात अडकलेल्या एका धनाढ्य गृहस्थाच्या सुटकेसाठी थोडी रक्कम पाठवा, सुटका होताच आपणांस त्याच्या संपत्तीतील वाटा मिळेल, अशा मजकुराची पत्रे टपालाने येत असत. पहिली रक्कम पोहोचली की नवी अडचण उपस्थित होई आणि नवी मागणी येई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायजेरियातून याच स्वरूपाची पत्रे जगभर जाऊ लागली. त्या देशाच्या फौजदारी संहितेतील फसवणुकीच्या कलमाचा क्रमांक ४१९ असल्याने या प्रकाराला ‘चार-एक-नऊ’ हे नाव पडले. नायजेरियाने २००६ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदाही केला. आज अशी पत्रे अनेक देशांतून निघतात. त्यामुळे एखाद्या देशाच्या नागरिकांवर सरसकट शिक्का मारणे अन्यायाचे ठरेल.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली. टपालाच्या काळात एका पत्रास एक तिकीट लागत असे. ई-मेलने हा खर्च जवळजवळ शून्यावर आणला. लाखो लोकांना पत्र पाठवून त्यांतील दोन-चार जण गळाला लागले तरी हा उद्योग किफायतशीर ठरतो.

पत्राची रचना

अशा पत्रांची बाह्य रूपे अनेक असली तरी गाभा एकच असतो. प्रथम न कमावलेल्या मोठ्या रकमेचे आमिष दाखविले जाते. नंतर गुप्ततेची अट येते : ही बाब कोणाजवळही बोलू नका. तिसरी गोष्ट म्हणजे मुदत : अठ्ठेचाळीस तासांत कळविले नाही तर हक्क जाईल. शेवटी ‘प्रक्रिया शुल्क’, ‘सीमाशुल्क’, ‘वकिलाचे मानधन’ किंवा ‘परत मिळणारी अनामत’ अशा नावाने आगाऊ रक्कम मागितली जाते. या चार अवयवांना स्वतंत्र प्रयोजन आहे. आमिष विवेक झाकते, गुप्तता सल्लागारांना दूर ठेवते, मुदत चौकशीला वेळ देत नाही आणि आगाऊ रक्कम हा तर सगळ्या खटाटोपाचा हेतूच असतो.

अशी पत्रे इतकी अतर्क्य का असतात, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये त्याचे मार्मिक उत्तर मांडले. पत्र पाठविणे फुकट असले तरी उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करणे भामट्याला खर्चाचे असते. संशयी माणूस अर्ध्या वाटेवरून परतला तर त्याचे श्रम वाया जातात. म्हणून कथाच अशी रचावयाची, की संशयी वाचक पहिल्या ओळीलाच बाजूला व्हावा आणि भाबडा किंवा गरजू वाचक तेवढा उरावा. अर्थात सर्वच पत्रे अशी ढोबळ नसतात. नोकरीची व बँकेची बनावट पत्रे नेमक्या उलट रीतीने, हुबेहूब खऱ्यासारखी केलेली असतात.

अंकगणिताची कसोटी

१९२० मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी याने ४५ दिवसांत ५० टक्के नफा देण्याचे आश्वासन दिले. परदेशांतील टपाल-कूपने स्वस्तात घेऊन अमेरिकेत वटविण्याचा आपला व्यवसाय आहे, असे तो सांगे. वास्तविक जुन्या गुंतवणूकदारांना दिला जाणारा नफा नव्यांच्या पैशांतून जात होता. त्याने गोळा केलेल्या रकमेचा व्यवसाय खरा मानावयाचा तर सुमारे १६ कोटी कूपने लागली असती; व्यवहारात होती सुमारे २७ हजार. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ही योजना कोसळली.

कूपनांची माहिती नसलेल्या माणसालाही एक गणित करता आले असते. ४५ दिवसांत दीडपट म्हणजे वर्षात आठ वेळा दीडपट. त्या हिशेबाने १,००० रुपयांचे वर्षअखेर सुमारे २५,६०० रुपये आणि दोन वर्षांत साडेसहा लाखांहून अधिक होतात. कोणताही प्रामाणिक उद्योग हा दर टिकवू शकत नाही.

साखळी योजनांचेही तसेच आहे. प्रत्येकाने सहा सभासद आणावयाचे ठरले तर बाराव्या पायरीवर २१७ कोटी माणसे लागतात, म्हणजे भारताच्या लोकसंख्येहून अधिक. तेराव्या पायरीला सबंध जगही पुरत नाही. साखळी कोठेही तुटली तरी दर सहा सभासदांपैकी सुमारे पाच जण शेवटच्या पायरीवर असतात. त्यांचे पैसे बुडणे हा अपघात नसून या रचनेचाच परिणाम होय. याच कारणास्तव आपल्याकडे बक्षीस चिट व धन परिचालन योजना (बंदी) अधिनियम, १९७८ अस्तित्वात आला.

शहाणी माणसे का फसतात ?

फसणारा माणूस अशिक्षित किंवा हावरट असतो, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. १९९५ ते १९९८ या काळात ब्राझीलमधील बँको नोरोएस्ते या बँकेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने नायजेरियातील अबुजा येथे विमानतळ उभारण्याच्या प्रकल्पासाठी टप्प्याटप्प्याने रकमा पाठविल्या. तो विमानतळ अस्तित्वातच नव्हता. ठगांच्या सूत्रधाराने नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरचे सोंग घेतले होते. एकूण फटका सुमारे २४ कोटी २० लाख डॉलरचा होता आणि सूत्रधारास २००५ मध्ये शिक्षा झाली. पैशांचे व्यवहार हाच ज्याचा पेशा, असा माणूस येथे फसला, हे ध्यानात घ्यावे.

मानसशास्त्र याची काही कारणे सांगते. रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९८४ मधील आपल्या ग्रंथात मन वळविण्याची जी तत्त्वे मांडली, त्यांपैकी अधिकाराचा प्रभाव, दुर्मीळतेचे आकर्षण, इतरांचे अनुकरण आणि एकदा दिलेल्या शब्दाशी सुसंगत राहण्याची ओढ ही चारही येथे कामास लावलेली दिसतात. बोधचिन्ह, शिक्का व स्वाक्षरी हे अधिकाराचे सोंग. ‘मोजक्याच जागा’ ही दुर्मीळता. लाभार्थ्यांची छायाचित्रे हे अनुकरणाचे निमंत्रण. डॅनिएल काहनेमन व एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की समान लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख माणसाला अधिक तीव्र वाटते. म्हणून पाच हजार गेल्यावर ते सोडवून घेण्यासाठी माणूस पंचवीस हजार घालतो. बुडत्याचा पाय खोलात, ही आपली म्हण हेच सांगते.

याखेरीज परिस्थितीचाही भाग असतो. कर्ज, आजारपण, लांबलेली भरती, घरच्यांच्या डोळ्यांतील अपेक्षा या ओझ्याखाली असलेल्या मनाला शक्य आणि संभाव्य यांतील अंतर दिसेनासे होते. सर्वांचीच अशी एखादी दुर्बल वेळ असते. भामटा लाखो पत्रे पाठवितो. त्यांतील काही नेमकी त्या वेळेला पोहोचतात.

तुमच्या वाटेवरचे सापळे

परीक्षार्थींना लॉटरीपेक्षा नोकरीचे आमिष अधिक धोक्याचे आहे. नामांकित कंपनीच्या नावाने नियुक्तिपत्र येते आणि ‘प्रशिक्षण अनामत’ मागितली जाते. परीक्षेचे शुल्क अधिकृत जाहिरातीनुसार अधिकृत संकेतस्थळावर भरावयाचे असते. निवड झाल्यावर एखाद्या व्यक्तीच्या खात्यात पैसे भरण्यास सांगणारे पत्र बनावट समजावे.

दुसरा सापळा अधिक घातक आहे. ‘तुमच्या खात्यात रक्कम जमा होईल, दहा टक्के ठेवून उरलेली पुढे पाठवा’, असे काम देऊ केले जाते. अशी भाड्याची खाती ही चोरीच्या पैशांची वाट असते. खाते वापरू देणारा तरुण पोलिसांच्या दृष्टीने प्रथम संशयित ठरतो. खाते गोठविले जाते, गुन्हा दाखल होऊ शकतो आणि शासकीय सेवेपूर्वीच्या चारित्र्य पडताळणीत ती बाब आड येऊ शकते.

तिसरा सापळा परदेशी नोकरीचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने माहिती तंत्रज्ञान जाणणाऱ्या तरुणांना सावध करणारी सूचना काढली. थायलंडमधील नोकरीच्या नावाखाली काहींना म्यानमारमध्ये नेऊन बंदिस्त ठेवण्यात येत होते आणि त्यांच्याकडूनच इतरांना फसविण्याचे काम करवून घेतले जात होते.

ओळखण्याच्या खुणा

पूर्वी अशुद्ध भाषा ही खोट्या पत्राची खूण मानली जाई. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे आता शुद्ध मराठीतही बनावट पत्र लिहिता येते. त्यामुळे ती खूण पुरेशी राहिलेली नाही. पुढील प्रश्न अधिक उपयोगी पडतात.

पहिला : ज्या लॉटरीचे तिकीट घेतले नाही किंवा ज्या पदासाठी अर्ज केला नाही, ते मिळेल कसे ? दुसरा : पैसे देणारा आधी पैसे का मागतो ? शुल्क लागणारच असेल तर ते मिळणाऱ्या रकमेतून वळते का करीत नाही ? तिसरा : पत्ता खरा आहे काय ? प्रेषकाचे नाव कोणीही हवे ते लिहू शकतो. ‘ॲट’ चिन्हानंतरचा भाग तपासावा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचावा, कारण मालकी शेवटच्या शब्दांवरून ठरते. शासकीय संकेतस्थळांच्या अखेरीस सामान्यतः ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असते. बँकांनी आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या राखीव क्षेत्रनामावर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत न्यावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला होता. चौथा : संकेतशब्द किंवा ओटीपी मागितला आहे काय ? तसे असल्यास पत्राचा पुढील विचारच करू नये.

शंका आल्यास पत्रातील क्रमांकावर दूरध्वनी करू नये. संस्थेचा क्रमांक स्वतंत्रपणे शोधून विचारावे आणि घरातील एका तरी व्यक्तीला पत्र दाखवावे. गुप्ततेची अट मोडली की अर्धा डाव तेथेच मोडतो.

कायदा आणि यंत्रणा

परदेशी लॉटरीत भाग घेण्यासाठी पैसे पाठविण्यास परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ अन्वये मनाई आहे, याची आठवण रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये परिपत्रकाद्वारे करून दिली. वाटपासाठी निधी ठेवण्याकरिता ती व्यक्तींच्या नावे खाती ठेवत नाही, हेही तिने जाहीर केले आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६-ड नुसार संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आणि तोतयेगिरीसाठी कलम ३१९ आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. अशा ठेव योजनांविषयीच्या तक्रारींसाठी रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये ‘सचेत’ हे संकेतस्थळ सुरू केले.

पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ कळवावे किंवा ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ येथे तक्रार नोंदवावी. चोरीची रक्कम अनेक खात्यांतून वेगाने फिरविली जाते; ती वाटेत गोठविण्याची संधी सुरुवातीच्या काही तासांतच अधिक असते. त्याच वेळी आपल्या बँकेस कळवावे. पत्र, पावत्या व संदेश पुसून टाकू नयेत. तोच पुरावा असतो.

एक अपेक्षा

हे सुरुवातीचे तास बहुधा लाजेत वाया जातात. लोक काय म्हणतील, वडिलांना कसे सांगावे, पोलीस हसतील काय, या विचारात माणूस गप्प राहतो आणि भामट्याला हवा असलेला अवधी मिळतो. विवाहासाठी साठविलेली रक्कम किंवा शेत गहाण ठेवून काढलेले कर्ज गमावलेल्या तरुणाला ही लाज एकाकी करते आणि त्याचे पुढील पाऊल कोठे पडेल, हे सांगता येत नाही.

मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या पोलीस ठाण्यात, तहसील कार्यालयात किंवा बँकेत अधिकाराच्या खुर्चीवर बसतील. तेव्हा असा तक्रारदार तुमच्यासमोर येईल. ‘एवढे शिकून कसे फसलात ?’ हा प्रश्न त्याला विचारू नका. त्या प्रश्नाच्या भीतीनेच तो उशिरा आलेला असतो. प्रथम रक्कम कोणत्या खात्यात, किती वाजता गेली ते विचारा आणि लगेच कामाला लागा. आणि आज घरी गेल्यावर १९३० हा क्रमांक आई-वडिलांच्या भ्रमणध्वनीत नोंदवून ठेवा.