नोटीस म्हणजे निकाल नव्हे

दुपारच्या वेळीं पोस्टमन सही घेऊन एक लखोटा देऊन जातो. आंत वकिलाचें पत्र असतें, आणि अमुक मुदतींत जागा रिकामी करून ताबा द्यावा, असें त्यांत लिहिलेलें असतें. त्या रात्रीं भाड्याच्या त्या घरांत कोणी पोटभर जेवत नाहीं. मुलांच्या शाळेचें काय, म्हाताऱ्या माणसांना कोठें न्यावयाचें, नव्या जागेची अनामत कोठून आणावयाची, या विवंचनेंत रात्र सरते. कित्येक कुटुंबें तर या एका कागदाच्या भीतीनें, न्यायालयाची पायरीहि न चढतां, मालक म्हणेल त्या अटीवर बिऱ्हाड हलवितात.

अशा कुटुंबांनीं प्रथम एवढें ध्यानांत घ्यावें कीं, नोटीस म्हणजे निकाल नव्हे. नोटीस ही एका पक्षाची मागणी असते. भाडेकरूच्या इच्छेविरुद्ध ताबा काढून घ्यावयाचा, तर न्यायालयाचा किंवा कायद्यानें नेमलेल्या अधिकाऱ्याचा हुकूम लागतो. अशा हुकमावांचून कोणी कुलूप बदललें किंवा सामान रस्त्यावर काढलें, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ याच्या ६ व्या कलमाखालीं सहा महिन्यांच्या आंत दावा लावून ताबा परत मागतां येतो. त्या दाव्यांत घराचा खरा मालक कोण, हा प्रश्न निघत नाहीं. राहणाऱ्यास त्याच्या संमतीवांचून व कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढलें कीं काय, एवढेंच न्यायालय पाहतें.

ही तटबंदी एका दिवसांत उभी राहिलेली नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमांतील सर्वसाधारण नियम असा कीं, दरमहाचें भाडेपत्र पंधरा दिवसांच्या नोटिशीनें संपवितां येतें. त्यासाठीं कारण दाखवावें लागत नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या काळांत मुंबईंत जागांची टंचाई झाली व भाडीं भडकलीं, तेव्हां १९१८ सालीं या मोकळिकीस लगाम घालणारा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धांत तोच प्रसंग पुन्हां ओढवला, आणि पुढें १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. त्यानें जुन्या जागांचीं भाडीं बहुतांशीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. भाडेकरूंना आसरा मिळाला; परंतु पन्नास वर्षें भाडीं तींच राहिल्यामुळें अनेक घरांचा दुरुस्तीचा खर्चहि निघेनासा झाला. १९९७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अशीं गोठविलेलीं भाडीं आतां वाजवी राहिलीं नाहींत, असें सांगितलें. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ झाला व तो ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला. मालकाला दरवर्षीं शेंकडा चार वाढ मिळाली. भाडेकरूचें संरक्षणहि कायम राहिलें.

त्या संरक्षणाचा गाभा १५ व्या कलमांत आहे. भाडेकरू प्रमाण भाडें, म्हणजे कायद्याप्रमाणें ठरणारें भाडें, व त्यावरील मान्य वाढ देत असेल किंवा देण्यास तयार असेल, आणि कराराच्या इतर अटी पाळीत असेल, तोंपर्यंत एरवीं मालकाला ताबा मागतां येत नाहीं. भाडें थकलें, तरीहि दार एकदम बंद होत नाहीं. समजा, एका छापखान्यांतील कामगाराची नोकरी गेली व त्याचें आठ महिन्यांचें भाडें राहिलें. मालकानें आधीं थकबाकीची लेखी मागणी केली पाहिजे, आणि ती पोंचल्यावर नव्वद दिवस थांबलें पाहिजे. त्यापूर्वीं दावा लावतां येत नाहीं. दावा लागला व समन्स आलें, म्हणजे आणखी नव्वद दिवस मिळतात. तेवढ्या अवधींत त्या कामगारानें सारी थकबाकी दरसाल शेंकडा पंधरा सरळ व्याजासह न्यायालयांत भरली, पुढचें भाडेंहि निकालापर्यंत नियमितपणें भरीत राहिला, आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याच्याविरुद्ध ताब्याचा हुकूमनामा होत नाहीं.

येथेंच पुष्कळ कुटुंबें चुकतात. लखोटा परत पाठविला म्हणजे नोटीस टळली, अशी समजूत असते. पण नाकारलेला लखोटाहि पोंचला असेंच न्यायालयें बहुधा धरतात. फुकट गेलेला प्रत्येक दिवस त्या नव्वदांतून वजा होतो. मालक मुद्दाम भाडें घेत नसेल, तर गप्प बसण्यांतहि धोका आहे. तें बँकेमार्फत पाठवावें व पाठविल्याचा पुरावा जपावा. भाड्याची लेखी पावती देणें ३१ व्या कलमानें मालकावर बंधनकारक आहे. ती मागण्यांत भाडेकरूनें संकोच बाळगूं नये.

थकबाकीखेरीज ताबा मागण्याचीं इतर कारणें १६ व्या कलमांत मोजून दिलीं आहेत. बेकायदा पोटभाडेकरू ठेवणें, लेखी संमतीवांचून पक्कें बांधकाम करणें, शेजाऱ्यांना उपद्रव देणें, सबळ कारणावांचून दाव्यापूर्वीं सलग सहा महिने जागा न वापरणें, हीं त्यांपैकीं कांहीं होत. मालकाला स्वतःच्या राहण्यासाठीं जागेची खरी गरज असणें हेंहि एक कारण आहे, आणि तें न्याय्य आहे. मात्र त्या वेळीं न्यायालयाला दोन्ही पारडीं तोलावीं लागतात. जागा गेल्यानें भाडेकरूचे हाल अधिक होतील कीं न मिळाल्यानें मालकाचे, आणि दोघांपैकीं कोणाला दुसरी योग्य जागा आहे काय, हें पाहून मगच निर्णय होतो. निम्म्या जागेनें मालकाचें भागत असेल, तर तेवढ्याचाच हुकूम होऊं शकतो.

न्यायालयांत जाण्याऐवजीं नळ बंद करणें, वीज तोडणें किंवा जिन्यांतील दिवे काढणें असे उपाय योजणारे मालकहि असतात. २९ व्या कलमानें असें करणें मना आहे. न्यायालय पुरवठा पुन्हां सुरू करण्याचा हुकूम देऊं शकतें, आणि अपराध्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते.

एवढें ऐकून प्रत्येक भाडेकरूनें निर्धास्त व्हावें, असें मात्र नाहीं. अलीकडे शहरांतील बहुतेक घरें लीव्ह अँड लायसन्सच्या करारानें दिलीं जातात. बोलण्यांत त्यालाहि भाडेंच म्हणतात. कायद्याच्या दृष्टीनें राहणारा तेथें भाडेकरू नसून परवानगीनें राहणारा असतो. राहण्याच्या जागेचा असा करार संपला, कीं २४ व्या कलमाप्रमाणें मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागतां येतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांबद्दल दुप्पट आकार द्यावा लागतो. समन्स पोंचल्यापासून तीस दिवसांच्या आंत शपथपत्र करून बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाहीं, तर मालकाचें म्हणणें कबूल असल्याचें धरलें जातें. तेथें नव्वद दिवसांची सवलत नाहीं. दोन्ही प्रकारचे करार लेखी व नोंदणीकृत असले पाहिजेत, आणि ती जबाबदारी ५५ व्या कलमानें मालकावर आहे. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयीं राहणाऱ्याचेंच म्हणणें ग्राह्य धरलें जातें.

म्हणून आपल्या कपाटांतील करार कोणत्या प्रकारचा आहे, हें नोटीस येण्यापूर्वींच पाहून ठेवावें. भाड्याचे दावे मुंबईंत लघुवाद न्यायालयांत चालतात. जेथें असें न्यायालय नाहीं, तेथें दिवाणी न्यायाधीशांपुढें. निकाल विरुद्ध गेला, तर अपिलाला तीस दिवस असतात. वकिलाचा खर्च झेपत नाहीं म्हणून कोणी हताश होऊं नये. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणें स्त्रिया, अनुसूचित जाति-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ति, तसेंच अल्प उत्पन्नाचे लोक यांना मोफत कायदेशीर मदत मिळूं शकते.

लखोटा आला त्या रात्रीं करावयाचें काम थोडेंच आहे. तो मिळाल्याची तारीख त्यावर लिहावी, करार व पावत्या एकत्र कराव्या, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं जाणत्या वकिलाकडे किंवा विधि सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयांत जावें. सामान बांधावयाचें कीं नाहीं, हें त्यानंतर ठरवावें.