जुने वसतिगृह आणि शिकाऊ मुलांची घरे

(वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी मंडळाच्या सभागृहात झालेल्या विचारसभेतील भाषण)



आम्हाला भाषणाची सवय नाही. गेली वीसेक वर्षे आम्ही बँकेत कर्जाच्या टेबलाशी बसतो. तिथे बोलणे कमी आणि कागद जास्त. तरीही आज उभे राहिलो, कारण पुढच्या महिन्यात आपल्या मंडळाच्या जुन्या वसतिगृहाची जागा विकायची की ठेवायची, यावर मतदान व्हायचे आहे. विकावी म्हणणाऱ्यांचे म्हणणे आम्हाला कळते. इमारत गळते, कॉलेजची मुले आता तिथे राहायला येत नाहीत आणि बिल्डर पैसा चांगला देतो आहे. पण हात वर करण्याआधी एका कारकुनाचा हिशेब ऐकून घ्यावा, एवढीच विनंती.

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातला एक मुलगा आमच्याकडे घरकर्जासाठी आला. आयटीआय झालेला टर्नर, उद्यमबागेत सात वर्षे काम केलेला. अनगोळात दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. पगार बरा होता, व्यसन नाही, लग्न ठरलेले. आम्ही कागद मागितले. पहिले वर्ष शिकाऊ उमेदवारीचे, ते नोकरीत धरले जात नाही. पुढची चार वर्षे दोन लहान वर्कशॉपमध्ये, पगार रोख हातात. वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या वर्कशॉपला पीएफचा कायदा लागत नाही, त्यामुळे पीएफही नाही. सात वर्षांतली कागदावरची नोकरी जेमतेम दोन वर्षांची भरली. खात्यात शिल्लक अठरा हजार. सात वर्षे भरलेल्या खोलीभाड्याची पावती एकही नव्हती. अर्ज आमच्याच हाताने परत दिला. नियमाप्रमाणे आमचे काही चुकले नाही. पण तो जिना उतरून गेला आणि दिवसभर आमचे कामात लक्ष लागले नाही.

त्याच आठवड्यात आपल्यापैकीच एक गृहस्थ आले. शहापुरातले तीन पिढ्यांचे घर. उतारा अजून आजोबांच्या नावावर, वारस नऊ. त्यांतल्या चौघांच्या सह्या मिळणे कठीण. अशा घरावर कोणतीही बँक कर्ज देत नाही. त्यांचा मुलगा पुण्याला गेला तो गेलाच. म्हणजे खेड्यातून आलेल्या कष्टकऱ्याला इथे घर होत नाही आणि जुन्या घराण्यातल्या मुलालाही होत नाही. दोघे गेले तर या सभागृहात उद्या खुर्च्या कोण मांडणार, हा प्रश्न आम्हाला पडतो.

यावर उपाय शोधायला फार लांब जायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. सायकलचे दुकान बेळगावात, कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांची सुरुवातही इथलीच. नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी त्यांना जागा सोडायला सांगितली. घरे बांधायची म्हणून कारखाना उठवला! औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचे बत्तीस एकर माळरान आणि बिनव्याजी दहा हजार रुपये दिले, आणि १९१० साली त्या निवडुंगाच्या रानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्याबरोबरच कामगारांची घरे झाली. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेली माणसे तिथे साच्यावर, लेथवर हात बसवून कारागीर झाली. कामाला येणारा माणूस राहील कुठे आणि शिकेल काय, या दोन्ही प्रश्नांचा विचार लक्ष्मणरावांनी एकाच वेळी केला होता.

मात्र कारखान्याच्या वसाहतीत, कुठल्याही असो, एक उणीव राहतेच. घर नोकरीला बांधलेले असते. नोकरी संपली की किल्ली परत. मुंबईच्या गिरणगावात आपल्या चंदगड-आजरा भागातल्या माणसांनी गावकीच्या खोल्या चालवल्या. एका खोलीत वीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने झोपत. त्या खोल्यांमुळे गावाकडची घरे चालली. पण १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या तेव्हा हजारो कामगार रिकाम्या हाताने परतले. गिरणीच्या जमिनीवरच्या घरांची सोडत निघायला २०१२ साल उजाडले, तोवर कित्येक कामगार हयात नव्हते. हुन्नर होता, डोक्यावर छप्पर होते, पण नावावर काही नव्हते.

नावावर घर कसे होते ते सोलापूरने दाखवले. तिथल्या विडी कामगार बायकांना कोण कर्ज देणार होते? नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने त्यांनी सहकारी संस्था केली. कुंभारीजवळ गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरे झाली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती देण्यात आली. पुढे रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मिळाल्या. पक्ष कोणाचा, विचार कोणाचा, हे बाजूला ठेवू. एकट्याने दार ठोठावले असते तर ज्यांना कोणी उभे केले नसते, त्या बायका संस्था करून घराच्या मालकीण झाल्या, एवढे आपण घ्यावे.

आता आपल्या वसतिगृहाकडे येऊ. आमची सूचना अशी आहे. जागा विकू नये. इमारत दुरुस्त करून ती शिकाऊ उमेदवारांना आणि नव्या कारागिरांना पाच वर्षांच्या मुदतीने द्यावी. पाच वर्षे झाली की खोली सोडायची, म्हणजे पुढच्याला जागा होईल. भाडे बाहेरच्यापेक्षा कमी घ्यावे, आणि जो फरक पडेल तो मुलाच्या स्वतःच्या नावावर आवर्ती ठेवीत जावा, ही अट करारातच असावी.

आकडे सांगतो. शिकाऊ उमेदवारीच्या पहिल्या वर्षी महिना दोन हजार. पुढची चार वर्षे, नोकरी लागल्यावर, महिना पाच हजार. व्याज सहा टक्के धरले तर पाच वर्षांच्या शेवटी तीन लाखांच्या थोडे वर जमतात. समजा शहराच्या कडेला अठरा लाखांचे छोटे घर आहे. त्याने तीन लाख घातले तर कर्ज पंधरा लाखांचे. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता सुमारे तेरा हजार येतो. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च वेगळा. नवराबायको दोघे कमावते असतील तर हे झेपणारे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये, वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर चार टक्के व्याज-अनुदान आहे, जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार. पण त्या अनुदानासाठी आधी कर्ज मंजूर व्हावे लागते, आणि आपली मुले अडतात ती तिथेच.

म्हणून सांगतो, ठेवीच्या पैशाइतकीच तिची पासबुकातली नोंद महत्त्वाची आहे. पाच वर्षांत साठ हप्ते, एकही चुकलेला नाही, हे पाहिले की कर्ज देणारा अधिकारी अर्जाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. त्या टर्नरकडे हेच नव्हते.

दुसरी गोष्ट वर्कशॉपवाल्यांची. आपल्या सभासदांपैकी कितीतरी जणांच्या फौंड्री आणि वर्कशॉप उद्यमबागेत, मच्छ्यात आणि होनग्याला आहेत. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या कारखान्याला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१६च्या योजनेनुसार विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना दीड हजारापर्यंत, सरकार उचलते. पण शिकणे संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. ते बंधन आपल्या माणसांनी आपणहून घ्यावे, असे आमचे म्हणणे. चांगला शिकला तर ठेवून घेऊ, पगार बँकेतून देऊ, पगारपत्रक देऊ. यात मालकाचा तोटा नाही. चांगला मशिनिस्ट टिकत नाही, दोन वर्षांत वेर्ण्याला नाहीतर पुण्याला जातो, ही तक्रार आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकतो. ज्याचे घर इथे होणार आहे तो कशाला जाईल?

आता शंका. काही ज्येष्ठ म्हणतील, आपल्या घरातली मुले फिटर-टर्नर होणार आहेत का? प्रश्न खरा आहे. आम्ही स्वतः बी.कॉम. झालो, कारण वडिलांना हात काळे होणारे काम नको होते. पण आज आमच्यासमोर जे अर्ज येतात त्यांत पदवीधर मुलांचे पगार चांगल्या कारागिराच्या पगारापेक्षा पुष्कळदा कमी असतात. आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत मास्तरकी सोडून लोखंडाकडे वळले, तेव्हा त्यांनाही हसणारे होतेच. आपण त्यांच्या नावाचा अभिमान बाळगतो. त्यांच्यासारखे हात काळे करायला मात्र घरच्या मुलाला सांगत नाही.

दुसरी शंका पैशाची. दुरुस्तीला खर्च येईल, हे कबूल. तो एकदम करायचा नाही. आधी खालचा मजला, बारा खाटा. त्यांच्या भाड्यातून आणि सभासदांच्या बिनव्याजी ठेवींतून वरचा मजला. आमची ठेव पहिली लिहून घ्यावी. हिशेब आम्ही ठेवू आणि दर तीन महिन्यांनी या सभागृहाच्या फलकावर लावू. पहिली पाच वर्षे पुरी होतील तेव्हा त्या बारा जणांनी मिळून गृहनिर्माण संस्था करावी की वेगवेगळी घरे घ्यावीत, ते त्यांचे त्यांनी ठरवावे. कागदाला मात्र आम्ही बसू.

शेवटचे सांगतो. जागा विकून जो पैसा येईल तो मंडळाच्या खात्यात दिसेल, व्याजही येईल, आम्ही स्वतः त्याची पावती करून देऊ. पण ही जागा आपल्या आजोबांनी, चार आणे आठ आणे वर्गणी गोळा करून, बाहेरगावच्या मुलांनी शहरात राहून शिकावे म्हणून घेतली होती. मुले अजून येतात. ती आता कॉलेजात न जाता उद्यमबागेत जातात, इतकाच फरक झाला आहे.

तो टर्नर अजून इथेच आहे. परवा भाजी घेताना भेटला. गोव्यात काम बघतोय म्हणाला. आम्ही त्याला सभेपर्यंत थांबायला सांगितले आहे. आता आपण काय ते ठरवावे.