इसार देण्याआधी एक खड्डा



चूल घालायला कोणती माती आणायची, माळवदावर कोणती टाकायची, हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलं नाही. तरी ते आपल्याला कळतं. मग गटाच्या शेडसाठी किंवा घरासाठी जागा घ्यायची वेळ आली की आपण मागे का राहतो? पैसे आपल्या बचतीतले, कर्जाचे हप्ते आपण फेडायचे, आणि जागा बघायला जातात पुरुषमंडळी. ती रस्ता बघतात, लाइट बघतात, सातबारा बघतात. ते बघायलाच हवं. पण पायाखाली किती फूट काळी माती आहे, हे सातबारा सांगत नाही.

जुन्या माणसांनी गावाच्या जमिनीला दोन नावं दिली होती: काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. आता पांढरी भरली आणि काळीत प्लॉट पडू लागले. खरी अडचण इथेच आहे. काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. ओल धरते म्हणून कपाशी-ज्वारीला ती चांगली. पण तिच्यावर उथळ पाया घातला, तर पावसाळ्यात घर उचललं जातं आणि उन्हाळ्यात खचतं. तेही सगळीकडे सारखं नाही. मग भिंती तडकतात, दारं अडकतात.

म्हणून इसार देण्याआधी आपण चौघी-पाचजणींनी जागेवर जायचं. काय बघायचं?

पहिलं, शेजारची घरं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा गेल्यात का? पावसाळ्यात दार लागतं का? हे त्या घरच्या बाईलाच विचारा. पाणी किती दिवस साचतं, तेही ती सांगेल.

दुसरं, जवळची विहीर. बांधकाम नसलेल्या विहिरीच्या कडेला थर सरळ दिसतात: वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली खडक.

तिसरं, खड्डा. मालकाला विचारून चार-पाच फूट खणून घ्या. कधीकधी काळ्या मातीवर मुरूम पसरून जागा सपाट केलेली असते, किंवा जुना नाला बुजवलेला असतो. वरून ते कळत नाही. खड्ड्यात विटांचे तुकडे, चिंध्या, प्लास्टिक निघालं, तर तो भराव समजा. एकटीने खड्ड्यात उतरू नका, आणि बघून झालं की बुजवून टाका. मालक खणूच देत नसेल, तर पैसे देण्याची घाई नको.

चौथं, मातीची बांगडी. खड्ड्यातली माती भिजवून मळा, शेवईसारखी वळा आणि वाकवून बांगडी करा. न तुटता बांगडी झाली, तर माती चिकण आहे. वळण्याआधीच तुटली, तर वाळू जास्त आहे.

काळी जागा म्हणजे टाकाऊ जागा नव्हे. खर्च मात्र आधी धरायला हवा. पाया काळा थर ओलांडून मुरमापर्यंत न्यावा लागतो. थर फार खोल असेल, तर इंजिनिअरला विचारून खांबांचा पाया घेतात. जमिनीखाली गोल भोकं पाडून, तळाशी कांद्यासारखे फुगीर खांब भरतात. फरशीखाली खणलेली काळी माती परत भरू नका, मुरूम भरून धुम्मस करून घ्या. मोरीचं पाणी भिंतीपासून लांब काढा. संडासाच्या शोषखड्ड्याभोवती फूटभर रुंदीचा वाळू-खडीचा थर द्यावा लागतो, नाहीतर पाणी जिरत नाही. हे सगळं जोडून मगच भाव ठरवा. स्वस्त प्लॉट पायात महाग पडू शकतो.

परसबागेसाठीही हाच विचार. दीड फुटाचा खड्डा पाण्याने भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल, तर गादीवाफे करा. शेवगा-पपईला साचलेलं पाणी चालत नाही. मुरमाड जागेत शेणखत आणि तळ्याचा गाळ घाला. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर फुटत असेल, तर माती तपासून घ्या. आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो पाठवायची. कुठे द्यायची, हे कृषी विभाग किंवा कृषी विज्ञान केंद्र सांगेल. सामू साडेसहा ते साडेसात असेल, तर बहुतेक भाज्यांना चांगला. साडेआठच्या वर गेला, तर जमीन चोपण असण्याची शक्यता असते. तिथे खर्च करण्याआधी सल्ला घ्या.

गटाच्या पुढच्या बैठकीत जागेचा विषय असेल, तर ठरावात एक ओळ आपण लिहून घेऊ: खड्डा बघितल्याशिवाय इसार नाही. आणि तो बघायला आपणही जाऊ. कुणी म्हणेल, बायकांना मातीतलं काय कळतं? उभा जन्म आपण मातीतच राबतो आहोत. आपल्याला नाही कळणार, तर कुणाला कळणार?