कड्यावरचा वारा आणि संगणकाचा अंदाज

सातारकरांना पवनचक्क्या दाखवायला न्यावं लागत नाही. चाळकेवाडीला जा, नाहीतर पाटणच्या वनकुसवडे पठारावर, त्या रांगेनं उभ्या असतात. मी बोलणार आहे ते त्या उभ्या राहण्याच्या आधीबद्दल. अमुक जागी वारा पुरेसा आहे, हे पैसे घालणाऱ्याला आधी कसं कळतं?

वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी जास्त धरला, तर ऊर्जेचा हिशेब तेहेतीस टक्क्यांनी फुगतो. चक्की एका मर्यादेपुढे वीज वाढवत नाही, म्हणून विजेतली चूक त्याहून कमी भरते. पण कर्जाचे हप्ते थकायला तेवढीही पुरते. त्यात आपला पावसाळा. समजा, एका जागी चार महिने सेकंदाला १० मीटर वारा आहे आणि आठ महिने ४ मीटर. दुसऱ्या जागी बारा महिने ६ मीटर. सरासरी दोन्हीकडे सहाच, पण पहिल्या जागेच्या वाऱ्यात जवळजवळ पाऊणपट अधिक ऊर्जा. तेव्हा कोणी नुसती वार्षिक सरासरी सांगितली, तर महिन्यांचा तक्ता मागून घ्यावा.

मोजणीची रीत जुनी आहे. उंच मास्ट रोवायचा, त्यावर निरनिराळ्या उंचीवर वाट्यांचे वेगमापक लावायचे आणि निदान एक वर्ष दहा-दहा मिनिटांच्या सरासऱ्या नोंदत राहायचं. आपल्या देशाच्या वाऱ्याची आकडेवारी जुळवण्याचं चिवट काम हवामानशास्त्रज्ञ ॲना मणी यांनी केलं. १९८३ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर ती ग्रंथरूपानं काढली. सौर आणि पवन ऊर्जेच्या गप्पा आज सगळेच मारतात, बाईंचं नाव फार थोडे घेतात.

पण मास्ट सांगतो फक्त स्वतःपुरतं. चक्क्या उभ्या करायच्या असतात मैलोगणती पठारावर. मधली उडी मारण्यासाठी संगणक लागतो. डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेनं १९८७ मध्ये ‘वास्प’ नावाची प्रणाली काढली, ती जगभर चालली. तिची युक्ती देखणी आहे. मास्टच्या नोंदींतून त्या जागेचे परिणाम, म्हणजे आसपासची घरं, झाडी, जमिनीचा खडबडीतपणा, चढउतार, वजा करायचे. उरतो तो त्या मुलखाचा वारा. मग नव्या जागेवर जाऊन तिथले परिणाम त्यात मिळवायचे.

हे गणित लवकर सुटावं म्हणून त्यात एक सवलत घेतली आहे: टेकडी सौम्य आहे आणि वारा उताराला धरून वाहतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेला साउथ युइस्ट बेटावर आस्करवेन नावाची ११६ मीटर उंचीची गुळगुळीत टेकडी आहे. १९८२-८३ मध्ये तिथं मोजमापं झाली. माथ्यावर, जमिनीपासून १० मीटरवर, वारा पायथ्यापेक्षा सुमारे ८० टक्के जास्त भरला. अशा टेकडीच्या माथ्याचं उत्तर या जातीच्या मॉडेलांना चांगलं जमतं.

आता सह्याद्रीकडे या. उतार साधारण सतरा अंशांच्या पुढे गेला की वारा जमिनीपासून सुटतो, भोवरे करतो. मॉडेलला ते ठाऊक नसतं. ते समजतं, वारा अजून उताराला चिकटूनच चढतो आहे, आणि कड्याच्या माथ्यावर मनमुराद वेग देऊन टाकतं. आमच्या कड्यांना तर सतरा अंश म्हणजे सपाटीच!

मग वाऱ्याची मूळ समीकरणं सोडवणारी, जास्त ताकदीची मॉडेलं आणली तर? डेन्मार्कमध्येच रॉस्किल्डच्या खाडीत बोलुंड नावाचा उंचवटा आहे. उंची १२ मीटर, म्हणजे चार मजली इमारतीएवढा, पण पुढची बाजू जवळजवळ उभी. २००७-०८ च्या हिवाळ्यात त्यावर मास्ट लावले, नोंदी झाकून ठेवल्या आणि जगभरच्या तज्ज्ञांकडून आधी उत्तरं मागवली. पन्नासांहून जास्त उत्तरं आली. मूळ समीकरणंवाली मॉडेलं वरच्या क्रमांकांत आली खरी, पण त्यांचीही चूक सरासरी दहा टक्क्यांच्या वरच. बारा मीटरच्या ढिगाऱ्यापाशी ही गत!

म्हणून सरकारी नकाशातले आकडे बेतानं वाचावेत. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेनं देशाची क्षमता १०० मीटर उंचीवर ३०२ गिगावॉट काढली, १२० मीटरवर ६९५. ते आकडे कुठं शोधायचं ते सांगतात, खांब कुठं रोवायचा ते नाही.

आणखी एक पेच काळाचा. मोजलेलं वर्ष जोराच्या मोसमी वाऱ्याचं निघालं तर? त्यासाठी युरोपीय हवामान केंद्राची ‘एरा-५’ ही गतकाळाच्या हवामानाची मांडणी कामी येते. तिचा एकेक चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा. कडा, पठार, खोरं त्यात एकजीव होतात, त्यामुळे जागेचा वेग तिला विचारू नये. आपलं वर्ष कित्येक दशकांत चढं होतं की उतरतं, एवढं मात्र तिला विचारावं.

पठारावर मी निदान दोन मास्ट मागेन, एक कड्याजवळ, एक आत. पहिल्याच्या नोंदी मॉडेलला द्यायच्या, दुसऱ्याच्या लपवायच्या आणि तिथला वेग विचारायचा. मग उलट. दोन्हीकडचा फरक अहवालाच्या पहिल्या पानावर हवा, परिशिष्टात नको. बँकेचा माणूस पहिलंच पान वाचतो.