चालकाच्या डोक्यावरचे छप्पर

१९५९ साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत शक्तिमान हा लष्करी ट्रक बनू लागला. त्याच्या चालकावर पत्र्याचे छप्पर नव्हते, कॅनव्हास होते. ते उतरवले की गाडी ठेंगणी होई, आगगाडीवर चढवायला सोपी. हल्ला झालाच तर उडी मारायला वाट मोकळी. रणांगणावर हे पटते. आपल्या मोंढ्यातून हळद नेणाऱ्याला शत्रू एकच, ऊन! तरी कारखान्यातून निघालेली उघडी चेसिस, डोळ्यांना गॉगल नि तोंडाला फडके बांधून, शेकडो मैल हाकणारे कामगार मी पाहिले आहेत. केबिन मागाहून सुतार बांधी. २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरील मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. जुन्या गाड्यांना तो नियम नाही.