घासलेल्या टायरांवर तेरा वर्षं

२७ मार्च २०१० रोजी नरेन कार्तिकेयन अमेरिकेत मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकवर नॅस्कारच्या ट्रक-शर्यतीत उतरले आणि तेरावे आले. फॉर्म्युला वनमधले पहिले भारतीय तेच, नॅस्कारमधलेही पहिले तेच. त्या मार्टिन्सव्हिलपासून, आपल्या बालाघाटहून गोंदिया जेवढं लांब आहे जवळपास तेवढ्याच अंतरावर, डॅनव्हिल नावाचं गाव आहे. आज मी बोलणार आहे ते या डॅनव्हिलच्या वेंडेल स्कॉट यांच्याविषयी.

स्कॉट उतरायचे ते स्टॉक कारच्या शर्यतींत. स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानातून घेतलेली साधी मोटार. अमेरिकेच्या दक्षिणेत चोरटी दारू वाहणारे लोक रात्रीच्या अंधारात पोलिसांना चुकवत अशाच मोटारी हाणायचे. दारूच्या वजनानं गाडी मागून बसू नये म्हणून मागचे पाटे जाड बसवायचे. बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खाणीतून मँगनीजचे ट्रक नेणाऱ्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. हेच लोक रविवारी मातीच्या गोल मैदानात एकमेकांशी शर्यत लावू लागले आणि १९४८ साली त्यातून नॅस्कार ही संस्था उभी राहिली.

स्कॉट यांचा जन्म २९ ऑगस्ट १९२१चा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात मेकॅनिक, परतल्यावर टॅक्सी, गॅरेज आणि दारूच्या फेऱ्या. १९५२ साली डॅनव्हिलच्या शर्यतीच्या आयोजकांना तिकिटं खपवायला एक काळा ड्रायव्हर हवा होता. गावात जोरात गाडी पळवणारा असा कोण, हे त्यांनी पोलिसांनाच विचारलं. पोलिसांनी स्कॉट यांचं नाव सांगितलं. त्यांनी पाठलाग केला होता, त्यांना ठाऊक असणारच!

तमाशा म्हणून बोलावलेला हा माणूस तिथे टिकला. काही मैदानांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. १९६१ साली ते नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेत आले. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर, शेवटचे पंचवीस फेरे उरले असताना, त्यांनी रिचर्ड पेटींना मागे टाकलं. दोनशे फेऱ्यांची शर्यत. स्कॉट २०२ फेरे धावले, तरी शर्यत संपल्याचं चौकड्यांचं निशाण त्यांच्यासाठी हललं नाही. विजेते म्हणून बक बेकर यांचं नाव पुकारलं गेलं, चषकही त्यांनाच मिळाला. काही तासांनी, गर्दी पांगल्यावर, मोजणीत चूक झाली असं सांगून स्कॉट यांना विजेते ठरवलं. तेव्हा विजेत्याला एक गोरी सौंदर्यसम्राज्ञी चुंबन देत असे. ते दृश्य टाळण्यासाठीच हे केलं, असं स्वतः स्कॉट मानत. बाबासाहेबांनी १९४६ साली काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्या लोकांची स्थिती आणि अस्पृश्यांची स्थिती किती सारखी आहे हे कळवलं होतं, ते ज्यांना माहीत आहे त्यांना जॅक्सनव्हिल समजावून द्यायची गरज पडणार नाही.

पण स्कॉट यांचं नाव निघालं की सगळे याच एका दिवसावर थांबतात, आणि ते मला पटत नाही. चषक हिरावला हा अपमान होता. त्यांचं आयुष्य मात्र खाल्लं ते टायरांनी.

शर्यतीत रबर झपाट्यानं झिजतं. नवा टायर वळणावर जमीन धरतो, घासलेला सरकतो, आणि मग वेग कमी करण्यावाचून गत्यंतर नसतं. त्या काळात मोठ्या ड्रायव्हरांच्या पाठीशी मोटार कंपन्या होत्या: पैसा, इंजिनं, मेकॅनिकांचा ताफा. स्कॉट यांच्या पाठीशी पत्नी मेरी आणि मुलं. इतरांनी टाकलेले टायर ते वापरत, इंजिन स्वतः उघडत, स्वतः जोडत. म्हणून ते गाडी जपून चालवत. इंजिन फुटलं तर पुढच्या आठवड्यात मैदानात जायचं कशावर? आजच्या बक्षिसातून उद्याचं पेट्रोल निघायचं. अशा गाडीनं त्यांनी सर्वोच्च मालिकेत ४९५ शर्यती केल्या, १४७ वेळा पहिल्या दहांत आले आणि १९६६ साली वर्षाच्या गुणतक्त्यात सहावे ठरले. त्या वर्षी एकही शर्यत जिंकली नव्हती. नेटानं शर्यती पूर्ण करून गुण साठवले होते. मला हा सहावा क्रमांक जॅक्सनव्हिलपेक्षा मोठा वाटतो. दर आठवड्याला उणं साहित्य घेऊन उभं राहायचं, आणि आपण जिंकू शकलो असतो हे मनात ठेवून दहावं यायचं, हे कितीजणांना जमेल?

१९७३ साली कर्ज काढून त्यांनी चांगली गाडी घेतली. त्याच वर्षी टॅलाडेगाला एकवीस गाड्या एकमेकींवर आदळल्या, त्यात ती गाडी गेली आणि स्कॉट यांची हाडं मोडली. कारकीर्द तिथेच संपल्यात जमा झाली. पुढे डॅनव्हिलचं गॅरेज, आणि २३ डिसेंबर १९९० रोजी मृत्यू. २०१५ साली नॅस्कारनं त्यांना आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. जॅक्सनव्हिलच्या विजयाचा चषक नॅस्कारनं कुटुंबाच्या हाती दिला तो २८ ऑगस्ट २०२१ला, त्यांच्या शंभराव्या जन्मदिवसाच्या आदल्या दिवशी.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच बब्बा वॉलेस या तरुणानं त्या सर्वोच्च मालिकेतली शर्यत जिंकली. स्कॉट यांच्यानंतर जिंकणारा तो पहिलाच काळा ड्रायव्हर. ट्रॅक टॅलाडेगाचा होता, आणि वॉलेसच्या गाडीमागे बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांचा पैसा होता.