एकाच द्राक्षाच्या दोन वाइनी

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, किंचित संक्षेपाने)



विषय जाहीर झाल्यावर संयोजकांना दोन फोन आले म्हणे. एकाने विचारलं, व्याख्यानानंतर चाखायला मिळणार का. दुसऱ्याने विचारलं, हे देवळाच्या पटांगणात बोलणार आहेत का. दोघांनाही ‘नाही’ असं उत्तर गेलं, आणि आपण इथे वाचनालयाच्या सभागृहात कोरडे बसलो आहोत.

स्वस्त आणि महाग वाइनची तुलना निघाली की लोक एखादी बोर्दोची राजेशाही बाटली घेतात आणि तिच्याशेजारी कुठलीतरी दोनशे रुपयांची ठेवतात. त्या तुलनेला काही अर्थ नाही. द्राक्ष वेगळं, जमीन वेगळी, सगळंच वेगळं. जात एक, टेकडी एक आणि तरी बाटल्या दोन टोकांच्या, अशी जागा फ्रान्समध्ये आहे. तिचं नाव बोजोले. ल्यों शहराच्या उत्तरेला या टेकड्या लागतात. वरच्या अंगाला ग्रॅनाइटची मुरमाड जमीन आहे आणि पिकतं ते प्रामुख्याने एकच काळं द्राक्ष, गामे. कुलीनांनी गामेला कधी जवळ केलं नाही. 1395 साली बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने फर्मान काढून आपल्या मुलखातल्या गामेच्या वेली उपटायला लावल्या. भरघोस पिकते, हा तिचा मोठा गुन्हा.

पुढे हेच भरघोसपण कामाला आलं. 1951 साली फ्रेंच सरकारने तिथल्या शेतकऱ्यांना डिसेंबरच्या मध्याआधीच नवी वाइन विकायची मुभा दिली. 1985 पासून त्यासाठी नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार ठरला. सप्टेंबरात तोडणी आणि नोव्हेंबरात पेल्यात, हीच ती बोजोले नुव्हो. पॅरिसला, लंडनला पहिली बाटली कोण पोचवतो यासाठी गाड्यांच्या शर्यती लागल्या. जपानात तर फ्रान्सच्या आधी गुरुवार उजाडतो, म्हणून तिथे ती आधी उघडते. जॉर्ज द्युबफ या व्यापाऱ्याने फुलांचं लेबल लावून ती जगभर नेली.

दोन महिन्यांत वाइन होते कशी, ते बघण्यासारखं आहे. द्राक्षं चुरत नाहीत, अख्खे घड देठासकट टाकीत भरतात. तळचे घड वरच्या वजनाने फुटतात, रस सुटतो, आंबायला लागतो आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकीभर होतो. वरच्या मण्यांना हवा मिळत नाही. मग साल शाबूत असताना, मण्याच्या पोटातच आंबण्याची क्रिया सुरू होते. असा मणी टाकीतून काढून तोंडात टाकला तर जिभेवर चुणचुणतो. या रीतीने कडवट तुरटपणा कमी उतरतो आणि फळाचा वास पुष्कळ येतो.

इथवर नुव्हो आणि त्याच टेकड्यांवरची सावकाश केलेली महाग वाइन, दोन्हींचा रस्ता एकच आहे. हातानेच तोडायची, घड अख्खे ठेवायचे, हे दोघांचंही. ‘हाताने तोडलेली’ हे शब्द लेबलावर वाचून भुलणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

फाटा पुढे फुटतो. घाईच्या वाइनीत द्राक्षं थोडी कच्चीच तोडली जातात. आठवडाभर थांबलं आणि पाऊस आला तर? गोडी कमी पडली की रसात साखर घालतात. कायद्याने ती चालते. सालीवरच्या नैसर्गिक यीस्टचा भरवसा नाही, म्हणून पाकिटातलं निवडक यीस्ट टाकतात. यातलं 71-बी नावाचं एक वाण फार लोकप्रिय झालं, कारण त्याने फळांचा वास खुलतो, त्यातही केळ्याचा. फ्रान्सच्या टेकडीवरची वाइन हुंगावी आणि जळगाव आठवावं, असा तो प्रकार. मग टिकावी म्हणून गंधक, मग बारीक गाळणी. चार-सहा दिवसांत टाकी रिकामी होते. दरवर्षी बाटली साधारण तीच लागते.

याला मी भेसळ म्हणणार नाही. नुव्होने बोजोलेच्या शेतकऱ्याला नोव्हेंबरात रोख पैसा दिला. ज्याने बागेचं कर्ज काढलंय त्याला या वाक्याचं मोल सांगायला नको.

पण ही सगळी व्यवस्था कशासाठी उभी आहे? जोखीम काढून टाकण्यासाठी. पावसाची, यीस्टची, वर्षाची. आणि जोखीम अशी जात नाही. ती टाकीतून निघाली आणि बाजारात जाऊन बसली. वाइन सगळीकडे सारखी झाली, मग लोक कंटाळले. 2001 च्या हंगामानंतर अकरा लाखांवर पेट्यांचा माल खपेना. तो नष्ट करावा लागला किंवा मद्यार्क काढायला द्यावा लागला. एका जाणकाराने ल्योंच्या मासिकात या वाइनीला शेलक्या शब्दांत नावं ठेवली, तर उत्पादक कोर्टात गेले आणि पहिल्या निकालात मासिकालाच जबर दंड झाला. दंडाने गिऱ्हाईक परत येत नसतं.

त्याच टेकड्यांवर ज्यूल शोव्हे नावाचा वाइनचा व्यापारी होता, तो रसायनशास्त्रज्ञही होता. 1989 साली तो गेला. यीस्ट आणि आंबवण यांवर त्याने आयुष्यभर काम केलं. त्याचं म्हणणं असं की द्राक्ष निरोगी असेल तर गंधकाची गरज फार कमी पडते. व्हिलिए-मोर्गों गावच्या मार्सेल लापिएरने ते मनावर घेतलं. त्याच्याबरोबर जाँ फोयार, जाँ-पॉल तेव्हने आणि गी ब्रतों हे शेजारी आले. कर्मिट लिंच या अमेरिकन आयातदाराने त्यांना ‘चौघांची टोळी’ म्हटलं. हे लोक काही जुनं उकरून काढणारे हळवे जीव नव्हते. सूक्ष्मदर्शक लावून बसणाऱ्या शोव्हेचे ते चेले होते.

त्यांची कामं ऐकली तर इथल्या द्राक्षबागायतदाराला कळतील. वेली जुन्या, त्यामुळे घड कमी. तणनाशक नाही, म्हणजे मजुरी आली. अशा बागांत फवारणी गंधकाची आणि आपल्याही ओळखीच्या बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद नि चुन्याची. ते मिश्रण आपल्याकडे आलंच मुळी फ्रेंच बागांतून. तोडणी उशिरा, पूर्ण गोडी भरल्यावर. एकेक घड तपासायचा आणि सडका मणी दिसला की काढायचा, कारण गंधक नसलेल्या टाकीत एक नासका घड पुरतो. घड थंड करूनच टाकीत भरायचे. मग जुन्या पिंपांत महिनोन् महिने थांबायचं, आणि तोवर पैसा नाही.

बाटलीची काच, बूच, पेटी, वाहतूक दोघांना सारखीच लागते. किमतीतला फरक आहे तो टाकून दिलेल्या द्राक्षांचा, मजुरीचा, थांबण्याचा आणि एखादी टाकी बिघडण्याच्या भीतीचा. बिघडतेही. गंधकाविना केलेल्या काही वाइनींना गोठ्याचा वास येतो, काही व्हिनेगरच्या वाटेला लागतात, आणि ‘नैसर्गिक आहे’ म्हणून भक्तमंडळी त्या गिळतात. मी गिळत नाही.

हीच जोखीम आपल्याकडेही दिसली. 2001 साली महाराष्ट्राचं वाइन धोरण आलं. वायनऱ्या वाढल्या, वाइनच्या जातींची लागवड वाढली. 2008 नंतर मागणी घसरली तशा कितीतरी वायनऱ्या बंद पडल्या आणि शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटल्या. खायचं द्राक्ष निदान बाजार समितीत नेता येतं. वाइनचं बारीक, बियांचं, जाड सालीचं द्राक्ष कोण घेणार? जोखमीची गाठ पुन्हा बांधावरच्या माणसाशीच. नाशिक परिसरातले जे थोडे छोटे उत्पादक आज स्वतःच्या बागेची वाइन स्वतः करतात, त्यांची बाटली महाग का, याचं उत्तर यात आहे.

आता नेहमीचा प्रश्न: चव कळते का? 2008 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लेबल झाकून सहा हजारांवर चाखण्यांची नोंद केली, तर सामान्य माणसांना महाग वाइन किंचित कमीच आवडली. मला यात नवल वाटत नाही. नुव्हो ही आवडण्यासाठीच बनवलेली आहे. लापिएरच्या गावची मोर्गों पहिल्या घोटात आखडून बसते आणि तासाभराने बोलू लागते. लग्नाच्या पार्टीत तासभर कोण थांबतो?

तेव्हा छोट्या उत्पादकाची, कमी गंधकाची बाटली घ्यायची असेल तर वर्ष, जात वगैरे नंतर बघा. आधी दुकानदाराला विचारा, पेटी मे महिन्यात कुठे होती, कारण कमी गंधकाची वाइन उन्हाळ्यात लवकर बिघडते. ‘इथेच, मागे गोदामात’ असं तो म्हणाला, आणि गोदामाला पत्रा असला, तर गंधक घातलेली स्वस्त बाटली घ्या आणि खुशाल बर्फात बुडवून प्या.